राहीबाई विरुद्ध आक्काताई

२ जानेवारी १९७८, सोमवार. सांगली

कॉलेजच्या सूचनापत्रात लिहिलं आहे की विद्यार्थ्याने प्रशिक्षणाची रोज नोंद ठेवावी. ती नोंद निळ्या वहीत ठेवणार आहे, सरांना दाखवण्यासाठी. ही वही फक्त माझी.

नियम असा. शेवटच्या वर्षाला तीन महिने एखाद्या वकिलाच्या हाताखाली काम करायचं आणि तेवढ्यात किमान एका दिवाणी दाव्याचा निकाल स्वतः कोर्टात बसून ऐकायचा. निकालाची नक्कल आणि वकिलाचा दाखला ३१ मार्चच्या आत दिला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्गातल्या मुलांना सांगलीतच वकील मिळाले. वर्गात मुलगी मी एकटी. दोन वकिलांनी मला सांगितलं की त्यांच्याकडे खुर्ची कमी आहे. शेवटी आबांच्या पलटणीतल्या ओळखीने तालुक्याचे लालासाहेब वकील तयार झाले. जायला एस.टी.ने सव्वा तास, यायला सव्वा तास.

आबा सुभेदार म्हणून पेन्शनीत आले, पण घरात हुकूम अजून त्यांचाच. म्हणाले, "विजयमाला, एकतीस मार्चपातुर परवानगी. त्याच्याफुडं एक दिस न्हाई. परीक्षा झाली तर झाली, न्हाईतर कोरेगावची माणसं बघायला येनार हायतच."

म्हणजे परीक्षा हुकली तर नुसतं वर्ष जाणार नाही.

३ जानेवारी

लालासाहेबांचं ऑफिस सरकी-पेंडीच्या दुकानाच्या माडीवर आहे. सगळ्या कागदांना पेंडीचा वास येतो. लालासाहेब साठीचे, अंगाने भारी, आवाज मऊ. त्यांचा कारकून ज्ञानू तात्या, त्यांच्याहून जुना वाटतो.

मी विचारलं, "साहेब, निकालाला आलेला दावा कोणता आहे?"

तात्या कपाटाकडे बघत राहिले. लालासाहेबांनी पान लावून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बाळ, आपल्याकडे दावे चालतात. संपण्याचं तसं काही नसतं."

"पण एखादा तरी संपला असेल?"

"सदुसष्ट साली एक संपला," तात्या म्हणाले. "दोन्ही पार्ट्या वारल्या म्हनून."

५ जानेवारी

सगळे दावे वाचून काढले. मी निवडलाय तो दावा नंबर ११८, सन १९६४. सर्वांत जुना, म्हणून सर्वांत पिकलेला असणार.

हकिगत थोडक्यात. एका गावात राहीबाई आणि आक्काताई यांची शेतं शेजारी आहेत. मधल्या बांधावर जांभळाचं झाड. राहीबाईंचे यजमान म्हणाले झाड आमच्या हद्दीत, आक्काताईंचे यजमान म्हणाले आमच्या. दावा लागला. पुढे दोघेही यजमान वारले आणि दोघी बायका वारस म्हणून दाव्यात आल्या. आमच्या पक्षकार राहीबाई. चौदा वर्षांत एकशे दोन तारखा झाल्या. एकुलता एक साक्षीदार म्हणजे धुळा नावाचा धनगर. त्याचं समन्स दर वेळी "राहत्या ठिकाणी मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं. त्याला राहतं ठिकाणच नाही, हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मी तात्यांना म्हटलं, हा दावा तीन महिन्यांत निघेल. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

९ जानेवारी

आज ११८ ची तारीख होती. मी सकाळी मुद्दाम पक्षकारांच्या गावावरून जाणारी गाडी धरली, राहीबाईंशी वाटेत बोलता येईल म्हणून. राहीबाई पुढच्या दाराने चढल्या. आक्काताई मागच्या दाराने. एकमेकींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघींचे मुलगे स्टँडवर सोडायला आले होते, तेही एकमेकांकडे पाठ करून उभे. वैर म्हणतात ते हेच.

गाडी गावाबाहेरच्या ओढ्यापलीकडे गेली आणि राहीबाई उठून आक्काताईंशेजारी जाऊन बसल्या.

कोर्टाच्या आवारात दोघींनी लिंबाखाली फडकी सोडली. राहीबाईंची भाकरी आणि झुणका, आक्काताईंच्या दशम्या. आक्काताई जैन, कांदा खात नाहीत, तर राहीबाईंनी झुणकाच बिनकांद्याचा करून आणला होता. पुकारा झाला. लालासाहेब उभे राहून म्हणाले, साक्षीदार आला नाही. पलीकडचे मदन वकील म्हणाले, हरकत नाही. नवे न्यायाधीश येणार म्हणून या वेळी पंधरा दिवसांनीच तारीख. सगळं मिळून पाणी पिण्याइतका वेळ.

त्यानंतर दोघी हॉटेलात गेल्या. राहीबाई भज्यांच्या कढईपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "आदी मिरचीची काढ. कांद्याची मागनं. तेल त्येच हाय न्हवं? मग आदी आमची." आचाऱ्याने मुकाट्याने ऐकलं. त्याला सवय असावी.

मला काळजी वाटते. प्रतिवादीने आमच्या पक्षकाराला जवळजवळ फितवलेलं दिसतं.

१० जानेवारी

लालासाहेबांना स्पष्ट सांगितलं की आपल्या पक्षकार विरुद्ध पक्षाशी जेवतात. ते म्हणाले, "असं? काय होतं जेवायला?"

१३ जानेवारी

आज कोर्टात काही नव्हतं. तरी आबांना "तारीख आहे" म्हणून सांगितलं आणि गेले. ऑफिसात दोन तास कागद लावले. मग स्टँडसमोरच्या हॉटेलात एकटीने बसून चहा प्यायले. एकटीने हॉटेलात बसण्याची पहिलीच वेळ. पोऱ्याने दोनदा विचारलं, मागनं कोन येनार हाय का. कोणी नाही म्हटल्यावर त्याने फडका मारून टेबल पुसलं. संध्याकाळची पहिली गाडी समोरून गेली. मी दुसरी धरली. कप संपायचा होता.

२३ जानेवारी

नवे न्यायाधीश आले आहेत. तरुण, चेहऱ्यावर झोप नाही. लालासाहेब नेहमीचं वाक्य बोलायला उठले, तेवढ्यात मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं: साक्षीदाराला समन्स पक्षकारामार्फत हातोहात बजावण्याची परवानगी मागावी. सवयीने त्यांनी ती मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं ते.

न्यायाधीश साहेब खूष झाले. "मंजूर. सहा फेब्रुवारी."

मदन वकील लालासाहेबांकडे बघत राहिले. मागे बाकावर राहीबाई आक्काताईंच्या कानात काहीतरी म्हणाल्या. आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी न्याय जवळ आला की असं होत असेल.

दुपारी दोघी सिनेमाला निघाल्या. "तू बी चल, वकिलीणबाई," राहीबाई म्हणाल्या. मी गेले, पक्षकारावर लक्ष असावं म्हणून. दोघींच्या मध्ये बसले म्हणजे त्यांना संगनमत करता येणार नाही. त्यांनी माझ्या मांडीवरून शेंगा इकडून तिकडे केल्या. दुःखाच्या जागी दोघी एकदम रडल्या आणि मध्यंतरात आक्काताईंनी मला नाकात चमकी कुठल्या बाजूला घालायची ते दाखवलं. सिनेमा बरा होता. निळ्या वहीत "पक्षकारांसोबत विचारविनिमय, तीन तास" असं लिहिलं.

२९ जानेवारी, रविवार

धुळा सापडला. तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या शेजारच्या शेतात त्याचा मेंढरांचा कळप बसवला होता. मी दोन गाड्या बदलून आणि तीन मैल चालून गेले. चपलेचा अंगठा तुटला. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"धुळा तुम्हीच का? तुमच्यासाठी समन्स आहे."

"चौदा वर्सं आयकतोय, समन येतंय समन येतंय. कवा भेटलं न्हाई गड्या." माझ्याशी बोलताना "गड्या" म्हणाला. समन्स त्याने दोन्ही हातांनी घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि फेट्यात खोवलं. "जांबळाचं व्हय? यीन की. त्येचं मला सगळं ठावं हाय."

परत येताना अनवाणी होते, पण पाय हलके होते. आबांना सांगितलं नाही. त्यांना वाटतंय मी मैत्रिणीकडे नोट्स आणायला गेले होते.

६ फेब्रुवारी

धुळाने साक्ष दिली. जशी झाली तशी लिहून ठेवते.

लालासाहेबांनी विचारलं, "वादातलं झाड कोणी लावलं?"

"कुनीच न्हाई."

"म्हणजे?"

"मी जांबळं खात चाललो हुतो. बी थुकलो. फुडल्या साली आलो तर रोप. म्हनलं, हे आपलंच."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मदन वकील उलटतपासणीला उठले, ते मला वाटतं तपासणीसाठी कमी आणि कुतूहलापोटी जास्त.

"थुंकलात तेव्हा कोणाच्या हद्दीत उभे होता?"

"हुबा कुटला? चालत हुतो. मेंढरं थांबत्यात व्हय?"

"तोंड कोणत्या दिशेला होतं?"

"कोकनाकडं."

ते साहेबांनी लिहून घेतलं. धुळाने जाता जाता विचारलं, "मग साहेब, झाड माजं म्हनायचं का?" साहेब म्हणाले की तो मुद्दा या दाव्यात नाही, त्याने हवं तर स्वतंत्र दावा लावावा. ज्ञानू तात्यांनी लगेच त्याला बाजूला घेऊन नाव-गाव विचारलं. गाव काही सांगता येईना.

साहेब म्हणाले, आता झाड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी निकाल देणार नाही. १८ तारखेला स्थळपाहणी.

लालासाहेब खाली बसले. "स्वतः येणार?" त्यांनी मला विचारलं, जसं मीच ठरवणार होते.

१५ फेब्रुवारी

लालासाहेबांना ताप आहे असा निरोप आला. मदन वकिलांनाही ताप आहे. साहेबांनी कळवलं, वकील नसले तरी चालेल, झाड असलं म्हणजे पुरे.

१८ फेब्रुवारी, शनिवार

स्थळपाहणी झाली.

साहेब, त्यांचा पट्टेवाला, तात्या आणि मी जीपने गेलो. राहीबाई आणि आक्काताई शेतात आधीच उभ्या होत्या. त्यांचे मुलगेही होते, राहीबाईंचा आकाराम आणि आक्काताईंचा रायगोंडा, मध्ये वीस हात अंतर ठेवून. सगळीकडे ऊस. मध्ये सरकारी पाट, काठोकाठ वाहता.

साहेब म्हणाले, "झाड कुठे आहे?"

राहीबाईंनी पाटाच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "हितं."

"न्हाई साहेब," आक्काताई म्हणाल्या. "खोटं सांगतीया ती. हितं." त्यांनी हातभर पलीकडे बोट दाखवलं. तेही पाण्यातच.

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एक पेंढी वाहत गेली.

"हा पाट कधी आला?"

"सत्तर साली," आकाराम म्हणाला.

"म्हंजे झाड तवाच गेलं," रायगोंडा म्हणाला. एवढ्या वर्षांत दोघांनी एकाच वाक्याला हात लावल्याची ही पहिली वेळ असावी. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनी तोंडं फिरवली.

"आणि आठ वर्षं तुम्ही कशासाठी भांडताय?" साहेबांनी विचारलं.

"झाडासाठी," राहीबाई म्हणाल्या.

"झाड नाही हे कोर्टाला सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं न्हाई, साहेब."

पट्टेवाल्याने दोन्ही जागांमधलं अंतर काठीने पाण्यातूनच मोजलं. तात्यांनी पंचनामा लिहिला: "वादी व प्रतिवादी यांनी वादग्रस्त झाड पाण्यात दाखविले." सही करताना साहेबांचा हात थांबला होता.

जीपमध्ये मी तात्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरी, पाट आल्याला साऱ्या तालुक्याला ठावं हाय."

२० फेब्रुवारी

लालासाहेबांचा ताप उतरला. मी विचारलं, त्यांनी हे चालू का दिलं? फसवणूक नाही का ही?

त्यांनी पान लावायला घेतलं. "राहीबाईंची जमीन त्यांच्या नावावर आहे, म्हणून हजेरी त्यांची लागते. मुलगा अडवू शकत नाही. वर्षातून सात-आठ दिवस. आक्काताईंचंही तसंच. कोर्टाचा हुकूम म्हटल्यावर घरात कोण काय बोलणार?" मग म्हणाले, "बाळ, तू फार हुशार आहेस. ते जरा वाईट झालं."

मला नीट समजलं नाही. हुशारी कधी वाईट असते का? पण दाखला तेच देणार आहेत, म्हणून वाद घातला नाही.

२० मार्च, सोमवार

निकाल लागला. मी पहिल्या बाकावर होते. "वादविषय अस्तित्वात नसल्याने दावा फेटाळण्यात येत आहे." चौदा वर्षं, आणि वाचायला अर्धं मिनिट. मी नकलेचा अर्ज तयारच ठेवला होता. कारकुनाकडे धावतच गेले.

परत आले तर दोघी लिंबाखाली बसलेल्या. फडकी सोडलेली नव्हती.

"म्हंजे आता यायचं न्हाई?" राहीबाईंनी विचारलं.

"नाही राहीबाई. सुटलात तुम्ही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सुटलो."

दुपारचा सिनेमा बदलला होता, पण त्या गेल्या नाहीत. साडेबाराच्या गाडीने परत गेल्या. इतक्या लवकरची गाडी त्यांनी कधी धरली नसेल. कंडक्टरने विचारलं, "आज काय झालं, कोर्टाला सुट्टी?"

मला आनंद व्हायला हवा. झालाही. संध्याकाळी डोकं दुखत होतं.

२३ मार्च

कॉलेजात नक्कल आणि दाखला दिला. लालासाहेबांनी लिहिलंय: "यांच्या उपस्थितीत एक दावा निकाली निघाला. या कार्यालयात असे क्वचित घडते." सरांनी ते स्तुती म्हणून वाचलं. परीक्षेचा अर्ज मंजूर झाला.

आबांनी कोरेगावच्या मंडळींना कार्ड टाकलं. परीक्षेआधीच बघून जाऊ द्या म्हणाले, पसंती झाली की पोरीचं मन अभ्यासाला लागतं. १० एप्रिल ठरली आहे. मी विचारलं, लग्नानंतर वकिली करू देतील का? आबा म्हणाले, "सासऱ्याचं दुकान हाय. तितं कागदपत्रं लय असत्यात."

२५ मार्च

राहीबाईंना निकालाची नक्कल द्यायला त्यांच्या गावी गेले. पोस्टाने पाठवता आली असती.

गोठ्यात होत्या. बोलल्या कमी. मागच्या भिंतीपलीकडे आक्काताईंचं परडं आहे. तिथे बांगड्या वाजल्या, तशा राहीबाईंनी शेणाची पाटी मोठ्याने आपटली. पलीकडून बादली आपटली. पुन्हा पाटी. मी विचारलं, भांडण आता मिटलं ना? "मिटलं की," त्या म्हणाल्या. "दावा गेला, त्येच्यामुळं पोरांची भांडनं वाडली. आदी कोर्ट बगून घेईल म्हनायची. आता सोताच बगत्यात. तिच्या सावलीला हुबी ऱ्हायची सोय न्हाई."

निघताना त्यांनी नक्कल उलटी करून विचारलं, "ह्येच्यावर दुसरं कोर्ट असतं म्हनं?"

मी सांगितलं, असतं. जिल्हा कोर्ट. अपील, तीस दिवसांच्या आत. मी फक्त कायदा सांगितला. अभ्यासक्रमात आहे.

२८ मार्च

ऑफिसात शेवटचा आठवडा म्हणून गेले तर माडीवर आरडाओरडा. राहीबाई आणि आक्काताई खरोखर भांडत होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. दोघीही घरी "कोर्टात सही राहिलीय" सांगून आल्या होत्या.

"मी हारलीया," राहीबाई म्हणत होत्या. "दावा माजा फेटाळला. अपील मी करनार."

"आनि मी काय जितली व्हय?" आक्काताई. "झाड माजं बी बुडालं. मी बी हारलीया. ही एकटीच कशी हारंल? लालासाब, माजं बी अपील लिवा."

"तुजा वकील मदन हाय. त्येच्याकडं जा."

"जाते की. पर आदी कबूल कर, दोगी हारल्या."

लालासाहेबांनी दोन्ही हात वर केले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाळ, कायदा सांग."

मी सांगितलं. अपील राहीबाईंचं. आक्काताईंना उलटआक्षेप घेता येतो. आणि अपिलात दुसऱ्या पक्षाने प्रत्येक तारखेला हजर राहणं आवश्यक आहे, नाहीतर एकतर्फी निकाल होऊ शकतो. (वकील हजर असला तरी चालतं. ते विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.)

"म्हंजे मला सांगलीला यावं लागंल?" आक्काताईंनी विचारलं.

"यावंच लागेल."

"लांब हाय गं. सकाळची गाडी धरली तर रातीच घरी."

"हो."

आक्काताईंनी राहीबाईंकडे पाहिलं. "मग हुंदे. तूच हार."

तात्यांनी कपाटातून कोरे कागद काढले. लालासाहेब म्हणाले, सांगलीला माझं कोणी नाही, अपिलाची धावपळ विजयमालाच बघेल. वकीलपत्रावर सही माझी, बाकी सगळं तिचं. मला विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही.

अपिलाची कारणं मी स्वतःच्या हाताने लिहिली. पहिलं कारण लिहायला दोन तास लागले. "पाण्याखाली गेलेले झाड अस्तित्वात नाही असे मानण्यात खालील कोर्टाने चूक केली आहे." लालासाहेबांनी वाचलं आणि एक शब्दही खोडला नाही.

३१ मार्च, शुक्रवार

अपील दाखल केलं. कारकुनाने पहिली तारीख विचारली तेव्हा त्याच्या यादीत ७, १० आणि १३ एप्रिल मोकळ्या होत्या. मी १० म्हणाले. सोमवार आहे, पक्षकारांना बरा पडतो.

घरी आल्यावर आबांना सांगितलं की दहाला माझी कोर्टात हजेरी आहे.

"परवानगी आजपातुर हुती," आबा म्हणाले.

"ती प्रशिक्षणाची. हे जिल्हा कोर्टाचं काम आहे." मी नोटीस त्यांच्या हातात दिली. त्यावर सरकारी शिक्का आहे. आबा शिक्क्याचा कागद उभं राहून वाचतात, तसा वाचला. दोनदा. मग खुंटीवरची पिशवी काढली आणि कोरेगावला पाठवायला नवीन कार्ड शोधू लागले.

लिहिता लिहिता आबा थांबले. "किती दिस चालंल ह्ये?"

मी म्हटलं, "अपिलाचं काही सांगता येत नाही, आबा."